पडद्यामागून ऐकणाऱ्यांना विचारा

पैसे खर्च झाले की आवाज सुधारतो, असा आपल्याकडचा सार्वत्रिक अनुभव आहे. तो मशीनमुळे सुधारतो की खर्चामुळे, हे मात्र कुणी तपासून पाहत नाही. घरच्या टीव्हीला लावायच्या साउंडबारबद्दल बोलत असू तर न तपासलेलंच बरं. ज्याचे पैसे त्याचे कान. पण पैसे जमातीच्या चंद्यातले असतील, तर तपासायला हवं असं मला वाटतं आणि ते कसं तपासावं हेही सांगावंसं वाटतं.

हा विषय आत्ताच काढायला कारण आहे. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या नेहरूनगर भागातल्या रहिवाशांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. लाउडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं त्यात म्हटलं आणि पोलिसांना डेसिबल मोजून कारवाई करायला सांगितलं. त्यानंतरच्या महिन्यांत शहरात आणि उपनगरांत मशिदींवरचे भोंगे उतरले. माहीमच्या जुमा मशिदीसारख्या काही मशिदींनी अज़ान मोबाइलच्या ॲपवर नेली. बाकी अनेक ठिकाणी लक्ष आतल्या आवाजाकडे वळलं. बाहेरचा हॉर्न गेला, मग निदान आत तरी चांगलं ऐकू यावं, ही भावना अगदी रास्त आहे. साउंडवाल्यांची कोटेशनं येऊ लागली. मिक्सर, अँप्लिफायर, इमामसाहेबांसाठी कॉलर माइक, खुतब्यासाठी हंसाच्या मानेसारखा वाकणारा माइक. लॅमिंग्टन रोडला एक फेरी मारली की काचेमागे निळे दिवे लुकलुकणारी ही सगळी मंडळी दिसतात आणि मोहात पाडतात.

घाटकोपर-अंधेरी पट्ट्यातल्या एका मशिदीत गेल्या रमज़ानआधी असंच नवं मशीन आलं. नाव सांगत नाही, कारण ट्रस्टी भले लोक आहेत आणि त्यांनी जे केलं ते सगळीकडे होतं. अँप्लिफायर, मिक्सर आणि माइक नवे घेतले. भिंतीवरचे कॉलम स्पीकर जुनेच, जिथे होते तिथेच. तरावीहसाठी तिथे वरच्या मजल्यावर बायकांची सोय असते. आपल्याकडे हे अजून सर्रास नाही, म्हणून मी रिक्षाचे पैसे मोडून तिथे जाते. पहिल्या रात्री खाली पुरुषांमध्ये एकच चर्चा होती. माशाअल्लाह, आवाज किती मोकळा झाला, एकेक हर्फ़ वेगळा ऐकू येतो. माझे शोहर जिना उतरेपर्यंत तेच सांगत होते. वर आम्ही तीसएक बायका होतो. आमच्यात एकीलाही काही बदललं आहे याची गंधवार्ता नव्हती. शेजारी बसणाऱ्या खाला तर दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “मशीन बदललं? कधी?”

पुढचं आणखी मजेशीर आहे. तिसऱ्या रात्रीपर्यंत नव्या मशीनची आणि त्याच्या किमतीची बातमी घराघरांतून वर पोचली. मग वरच्या मजल्यावरही आवाज सुधारला. आदल्या दोन रात्री “हाफ़िज़साहब फार भरभर वाचतात, काही कळत नाही” म्हणणाऱ्या दोघीतिघींना आता स्वच्छ ऐकू येऊ लागलं. हाफ़िज़साहेब तेच होते, वेगही तोच.

या बायका खोटं बोलत नव्हत्या, खालचे पुरुषही नव्हते. आवाज कानातून आत येतो हे खरं, पण “चांगला आवाज” हा निर्णय कान एकटे देत नाहीत. डोळ्यांनी काय पाहिलं, किंमत किती ऐकली, शेजारी काय म्हणाला, हे सगळं त्या निर्णयात बसलेलं असतं. ऐकणाऱ्याला हे जाणवत नाही. त्याला खरोखरच फरक ऐकू येतो. म्हणून या बाबतीत “मी माझ्या कानांनी ऐकलं” ही साक्ष पुरेशी धरता येत नाही.

हे केवळ माझं निरीक्षण असतं तर लेख लिहिला नसता. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोन ध्वनिशास्त्रज्ञांनी १९९४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. हरमन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतल्याच चाळीस जणांना त्यांनी चार स्पीकर ऐकवले, एकदा समोर दिसत असताना आणि एकदा पडद्याआड ठेवून. दिसत असताना मोठे, देखणे, महागडे स्पीकर वर गेले आणि लहानसा स्वस्त स्पीकर खाली. पडदा ओढल्यावर ही दरी बरीचशी बुजली. ऐकणारे धंद्यातले लोक होते, तरी हे झालं. अनुभवी कान या रोगातून सुटलेले नव्हते.

पण त्या प्रयोगातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. स्पीकरची खोलीतली जागा बदलली की आवाज खरोखर बदलतो. पडद्याआडून ऐकताना लोकांना तो बदल जाणवत होता, ते गुण कमीजास्त करत होते. डोळ्यांसमोर स्पीकर असताना मात्र तेच लोक जागेमुळे झालेला बदल जवळजवळ नोंदवतच नव्हते. म्हणजे डोळे उघडे असले की दोन प्रकारे फसगत होते. नसलेला फरक ऐकू येतो आणि असलेला फरक ऐकू येत नाही. आपल्या मशिदींचं दुखणं नेमकं या दुसऱ्या प्रकारचं आहे.

आपले बहुतेक नमाज़-हॉल कसे असतात ते डोळ्यांसमोर आणा. खाली संगमरवर किंवा टाइल्स, भिंतींना अर्ध्यापर्यंत टाइल्स, वर काँक्रीटचा स्लॅब, मधे कुठे घुमट. सगळं कडक आणि गुळगुळीत. अशा जागेत शब्द बोलला की तो लगेच संपत नाही, भिंतीभिंतींवर आपटत रेंगाळतो. हार्वर्ड विद्यापीठात १८९५च्या सुमाराला वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाला असाच एक नवा कोरा व्याख्यान-हॉल सुधारायला दिला होता. रिकाम्या हॉलमध्ये आवाज साडेपाच सेकंद घुमत राहायचा. सॅबिनने रात्री-रात्री जागून शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या, हॉलमध्ये मांडल्या आणि दर खेपेला आवाज किती वेळ टिकतो ते मोजलं. गाद्या वाढल्या तसा घुमारा कमी झाला. त्या रात्रींच्या कामातून इमारतींच्या ध्वनिशास्त्राचा पाया घातला गेला. आपल्याकडे हाच प्रयोग दर आठवड्याला आपोआप होत असतो. जुम्याला हॉल माणसांनी भरलेला असतो तेव्हा बयान बरं कळतं, आणि मंगळवारी ज़ुहरला दीड सफ़ असताना त्याच माइकवरून तोच माणूस बोलला तर नुसता घूं-घूं. माणसांची शरीरं आणि कपडे आवाज पितात, संगमरवर पीत नाही.

आता या हॉलमध्ये अँप्लिफायर नवा आणला तर काय होईल? रेंगाळणारा आवाज आणखी जोराने रेंगाळेल. भाषेत स्वर दणकट असतात आणि व्यंजनं नाजूक. घुमणारा “आ” मागून येणाऱ्या “क़”ला झाकून टाकतो. तजवीद शिकवताना देतात ते उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. मोठा क़ाफ़ घेतला तर क़ल्ब म्हणजे हृदय आणि छोटा काफ़ घेतला तर कल्ब म्हणजे कुत्रा. तो फरक ऐकणाऱ्यापर्यंत पोचवायचा असेल तर घुमारा कमी करणं आणि स्पीकर माणसांच्या जवळ आणणं यालाच पर्याय नाही. जाड गालिचा, मागच्या भिंतीला आवाज शोषणारं अस्तर, दोन मोठ्या डब्यांऐवजी कमी आवाजातले जास्त डबे. त्यातही जवळचा आणि लांबचा स्पीकर एकाच वेळी ऐकू येत असेल तर गोंधळ होतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो, म्हणजे सतरा मीटर जास्त अंतर कापून येणारा शब्द सेकंदाच्या विसाव्या भागाने उशिरा पोचतो आणि आधीच्या शब्दाच्या शेपटीवर पाय देतो. ही कामं दिसायला रुक्ष आहेत. त्यांना निळे दिवे नसतात आणि दात्याचं नाव कोरायला जागाही नसते.

वॅटच्या आकड्याबद्दलही दोन शब्द. शंभर वॅटचा अँप्लिफायर काढून दोनशेचा लावला तर आवाज दुप्पट होत नाही. फक्त तीन डेसिबल वाढतो. कानाला “दुप्पट” वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. पण हेच तीन डेसिबल विकणाऱ्याच्या कामी येतात, कारण किंचित मोठा आवाज आपल्याला मोठा न वाटता “चांगला” वाटतो, जास्त मोकळा, जास्त भरदार. नवं मशीन बसवल्याच्या दिवशी साउंडवाला बटण थोडं पुढे ठेवूनच जातो. मुद्दाम ठेवतो असं नाही म्हणत. त्यालाही ते चांगलं वाटत असतं. दोन यंत्रांची तुलना आवाज सारखा करून घेतल्याशिवाय करू नये, हा या शास्त्रातला पहिला धडा आहे आणि आपल्याकडे तो कुणीच पाळत नाही.

कंपन्यांना माणसाच्या कानाचा हा स्वभाव शंभर वर्षांपूर्वीच कळला होता. एडिसनच्या कंपनीने १९१५पासून पुढे दहाएक वर्षं अमेरिकेतल्या गावोगावी जाहीर कार्यक्रम केले. मंचावर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ, मधेच ती गाणं थांबवायची, तबकडी चालू राहायची आणि लोक थक्क व्हायचे की फरकच कळला नाही. आज त्या तबकड्या ऐकल्या तर खरखरीतून आवाज शोधावा लागतो. त्यात गाणाऱ्या ॲना केस यांनी म्हातारपणी सांगून टाकलं की त्या आपला आवाज मशीनसारखा करून गात असत. श्रोत्यांना जे ऐकायला बोलावलं होतं, ते त्यांनी ऐकलं. आणि यंत्रं खरोखर सुधारल्यावरही कान काही बदलले नाहीत. २००७ साली बॉस्टनच्या दोन अभ्यासकांनी उच्च दर्जाचं ध्वनिमुद्रण आणि साध्या सीडीच्या दर्जाला उतरवलेलं तेच ध्वनिमुद्रण डोळ्यांआड ओळखायला लावलं. ५५४ खेपांपैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी इतकंच आलं असतं.

आपल्या देशात पडद्याआडून ऐकण्याचा सगळ्यात मोठा प्रयोग एका मराठी माणसाने केला, हे फार जणांना माहीत नसतं. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली नभोवाणी मंत्री झाले. रेडिओवर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची त्यांनी नव्याने परीक्षा सुरू केली. परीक्षकांना कलाकार दिसू नये अशी व्यवस्था होती आणि मंडळाचे प्रमुख होते पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर. नावाजलेल्या कलाकारांना हा अपमान वाटला, विरोध झाला. मला मात्र या गोष्टीतली विसंगती जास्त छळते. हेच केसकर मुसलमान उस्तादांच्या हाती संगीत गेल्यामुळे ते बिघडलं अशा मताचे होते आणि त्यांनी ते लिहूनही ठेवलं आहे. म्हणजे पूर्वग्रह रोखणारा पडदा उभा करणारा माणूसच पूर्वग्रहातून सुटलेला नव्हता. पण म्हणून पडदा वाईट ठरत नाही. उलट, मंत्र्याचं मत काहीही असो, पडद्यामागच्या उस्तादाला निदान आपल्या सुरांवर उभं राहायला जागा मिळू शकते. नाव दिसलं असतं तर तीही हमी नव्हती. दहावीच्या उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी बारकोड असतो तो याचसाठी. तपासणारी मी कितीही न्यायी असले, तरी “फ़ातिमा” आणि “फाल्गुनी” ही नावं मला दिसू नयेत यातच दोघींचं भलं आहे.

आता त्या वरच्या मजल्याकडे पुन्हा बघा. पर्द्यामागे बसलेल्या आम्हा बायकांना ना मशीन दिसलं, ना पहिल्या दोन रात्री किंमत कळली. टूल आणि ऑलिव्ह यांनी मुद्दाम पडदा लावून जे मिळवलं, ते आमच्याकडे आयतं होतं. अख्ख्या मशिदीत निःपक्ष श्रोते कुणी असतील तर त्या आम्ही होतो, आणि आम्हालाच कुणी विचारलं नाही. काटेकोर बोलायचं तर आमचे स्पीकर वेगळे, बसण्याची जागा वेगळी, तेव्हा खालच्या फरकाबद्दल आमची साक्ष अपुरी आहे, हे मला मान्य आहे. पण “पूर्ण मशिदीत आवाज सुधारला” असं जुम्याला माइकवरून जाहीर झालं होतं. त्या पूर्ण मशिदीत वरचा मजलाही येतो. इमामसाहेब आम्हाला दिसत नाहीत, ओठ दिसत नाहीत, हातवारे दिसत नाहीत. खाली बसणाऱ्याला अर्धा शब्द चेहऱ्यावरून कळतो, आमचं सगळं त्या दोन डब्यांवर. ज्यांचं ऐकणं पूर्णपणे यंत्रावर अवलंबून आहे त्यांना विचारल्याशिवाय यंत्राचा निकाल लावणं मला बेइन्साफ़ी वाटते. तीच गोष्ट मागच्या सफ़ेत खुर्चीवर बसणाऱ्या बुज़ुर्गांची, ज्यांना आधीच कमी ऐकू येतं आणि जे संकोचाने “हां हां, अच्छा है” म्हणून मोकळे होतात.

यावर एक उत्तर मला नेहमी मिळतं. आपा, लोकांना बरं वाटलं ना, मग झालं तर. घरच्यापुरतं हे मला पटतं. माझ्या एका सहकाऱ्याने कर्ज काढून हेडफोन घेतला आणि रात्री तो त्यावर बेग़म अख़्तर ऐकतो. ते सुख खरं आहे, त्यात मी कशाला तोंड घालू? पण चंद्याचा पैसा अमानत आहे. त्यात रोजंदारीवाल्याची दहाची नोट आहे आणि घरकाम करणाऱ्या बाईचे पन्नास रुपये आहेत. शिवाय बरं वाटणं फार टिकत नाही. चार महिन्यांनी मशीनची नवलाई ओसरते, मग पुन्हा “आवाज नीट येत नाही”, पुन्हा साउंडवाला, पुन्हा पावतीपुस्तक. दुखणं गालिच्यात आणि भिंतीत आहे, आपण दर खेपेला डबा बदलतो.

सगळा फरक मनाचाच खेळ असतो असंही समजू नका. फाटका माइक, गुणगुणणारी जुनी तार, कोन चिरलेला स्पीकर हे पडद्याआडूनही ओळखू येतात आणि ते बदललेच पाहिजेत. खरा फरक पडद्यालाही पुरून उरतो.

आणि आपल्या कानांबद्दल बोलतोच आहोत तर भिंतीपलीकडचाही विचार करू. नियम सांगतो की रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. पण तेवढ्याच डेसिबलचा आवाज मशिदीतून आला तर एकाला कर्कश वाटतो, मंडपातून आला तर दुसऱ्याला, आणि आपल्या ईद-ए-मीलादच्या जुलूसमधला डीजे आपल्यापैकी अनेकांना मुळी ऐकूच येत नाही. कुणाचा आवाज आहे हे कळल्यावर कान पक्ष घेतात. म्हणूनच सुमैरा अब्दुलअली यांच्यासारख्या मुंबईकर बाईने वर्षानुवर्षं सणांत आणि राजकीय सभांत हातात मीटर घेऊन उभं राहणं मला मोठं काम वाटतं. मीटरला मंडप आणि मीनार यांतला फरक कळत नाही. बाहेर हा न्याय आपण मागतो, तर आतही तो लावायला हरकत नसावी.

आत लावायचं मीटर महाग नाही. आम्ही शिक्षक ते रोज वापरतो. उर्दूत इमला म्हणतात, मराठीत श्रुतलेखन. टेलिफोनची लाइन कितपत चांगली आहे हे बघायला अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत १९२०च्या दशकात हेच करत होते. एका टोकाला कुणी अक्षरं वाचायचं, दुसऱ्या टोकाला ऐकणारे लिहून घ्यायचे आणि किती बरोबर आली ते मोजायचे. “कसं वाटलं?” असा प्रश्नच नाही. काय ऐकू आलं ते लिहा, बस.

मशिदीत असं करता येईल. साउंडवाल्याला पैसे देण्याआधी नवं मशीन एका दिवसासाठी मागा, खरा धंदेवाला नाही म्हणत नाही. जुनं आणि नवं दोन्ही चादरीखाली झाका. मोबाइलवरच्या फुकट डेसिबल ॲपने हॉलच्या मध्यावर दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. तुलनेपुरतं ते ॲप चालतं. वाचणारा एकच माणूस, हॉल रिकामा, म्हणजे घुमाऱ्याचीही परीक्षा होईल. कुठलं मशीन कधी चालू आहे हे वाचणाऱ्यालाही सांगू नका. दोन वेगळ्या याद्या करा, प्रत्येकी वीस शब्दांच्या आणि सारख्याच कठीण. घाट-घात, पाट-पाठ-पात, ताक-ताप-तास, उर्दूत बाल-माल-साल, खाना-ख़ाना. असे शब्द घ्या की एक व्यंजन निसटलं तर दुसराच शब्द होईल, अंदाजाने लिहिता येणार नाही. ऐकायला पुढच्या सफ़ेत चार, मागच्या खुर्च्यांवर चार आणि वरच्या मजल्यावर चार जणी. मग कुठलं मशीन कधी होतं ते उघड करायच्या आधी वह्या तपासा. पुढच्यांची आणि वरच्यांची बेरीज वेगवेगळी मांडा, कारण दोन मशीनमध्ये फरक निघाला नाही आणि दोन मजल्यांमध्ये निघाला, तर पैसे कुठे घालायचे ते वहीतच लिहिलेलं असेल. एका दुपारचं काम आहे. वह्या तपासायला शिक्षिका कुठल्याही मोहल्ल्यात मिळेल, आणि लाल पेन आमचं आमच्याकडे असतं.